‘खरा गरजू’ या कल्पनेची चिकित्सा : उत्पन्नाधारित व सार्वत्रिक कल्याणयोजनांविषयीची लोकधारणा (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी कलम ४१ ने वार्धक्य, आजारपण व बेकारी अशा प्रसंगी साहाय्य करण्याची, तर कलम ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावण्याची जबाबदारी राज्यावर सोपवली आहे. ही जबाबदारी राज्याची आहे, याविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजात फारसा मतभेद आढळत नाही. मतभेद आहे तो हे साहाय्य कोणाला मिळावे याविषयी. त्याही बाबतीत बहुसंख्य सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते : ‘जो खरा गरजू आहे, त्यालाच मिळावे.’ हे वाक्य इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

कल्याणयोजनांचे लाभार्थी ठरवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. उत्पन्नाची किंवा मालमत्तेची मर्यादा ठरवून तिच्या आतील कुटुंबांनाच लाभ देणे ही पहिली, उत्पन्नाधारित पद्धत होय. वय, शाळेतील प्रवेश किंवा नागरिकत्व एवढाच निकष ठेवून त्या गटातील सर्वांना लाभ देणे ही दुसरी, सार्वत्रिक पद्धत होय. या दोहोंविषयीच्या चर्चेत लोकमत ही आधीच तयार असलेली गोष्ट मानली जाते. जनतेला ‘फुकटेपणा’ आवडत नाही, म्हणून शासनाला निकष लावावे लागतात, असा युक्तिवाद केला जातो. प्रस्तुत लेखात याच्या उलट क्रम तपासला आहे. योजनेची रचना जशी असेल, तशी तिच्याविषयीची लोकधारणा घडते. आणि ‘खरा गरजू’ ही कल्पना बऱ्याच अंशी उत्पन्नाच्या चाळणीचे कारण नसून तिचा परिणाम आहे, असे महाराष्ट्रातील शिधावाटपाच्या व अन्य योजनांच्या अनुभवावरून दाखवता येते.

रेषा : मोजण्याचे साधन ते प्रवेशद्वार

दारिद्र्यरेषेच्या इतिहासाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज किमान २,२५० उष्मांक मिळण्यासाठी लागणाऱ्या खर्चाच्या आधारे त्यांनी दारिद्र्याची व्याप्ती मोजली. देशात किती लोक पुरेसे अन्न मिळवू शकत नाहीत, हे कळावे असा त्या मोजणीचा हेतू होता. अमुक कुटुंब रेषेच्या खाली आहे की वर, हे तलाठ्याने घरोघरी जाऊन ठरवावे, असे त्यात अभिप्रेत नव्हते. त्यांनी सुचवलेला प्रमुख उपायसुद्धा कुटुंबांची निवड करण्याचा नव्हता. काम मागणाऱ्यास सार्वजनिक कामांवर रोजगार देण्याचा होता.

१९९० च्या दशकात या मापनसाधनाचे रूपांतर प्रवेशद्वारात झाले. शहरी शिधावाटप मुंबईत १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात सुरू झाले, तेव्हा त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. स्वातंत्र्यानंतरही तत्त्वतः कोणत्याही कुटुंबाला शिधापत्रिका मिळत असे आणि त्यावर सर्वांना एकाच दराने धान्य, साखर व रॉकेल घेता येई. जून १९९७ मध्ये केंद्र शासनाने लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था लागू केली. दारिद्र्यरेषेखालील व दारिद्र्यरेषेवरील असे दोन वर्ग आणि त्यांच्यासाठी दोन दर आले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका योजना अमलात आली. वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, १ लाख रुपयांपर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी, अशी स्थूल विभागणी झाली. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी घरात दूरध्वनी नसावा आणि चारचाकी वाहन नसावे, अशाही अटी होत्या.

या विभागणीचा एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. प्राध्यापक, बँक कर्मचारी, वकील, व्यापारी, मध्यम बागायतदार असा वर्ग स्वस्त धान्य दुकानाच्या रांगेतून बाहेर पडला. पांढरी शिधापत्रिका त्याच्याकडे उरली ती पत्त्याचा पुरावा म्हणून. दुकान किती वेळ उघडे असते, वजनात किती घट येते, गव्हात खडे किती असतात, याच्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध संपला. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात संस्था घसरू लागल्यावर लोकांपुढे असणाऱ्या दोन मार्गांचे विवेचन केले आहे : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. ज्यांचा आवाज कार्यालयात ऐकला जातो, तेच आधी बाहेर पडले तर मागे राहिलेल्यांची तक्रार दुबळी होते. शिधावाटपाच्या बाबतीत तर हा वर्ग स्वतःहून बाहेर पडला नाही. धोरणानेच त्याला बाहेर काढले. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांसाठीचे दर २००० मध्ये धान्याच्या पूर्ण खर्चाइतके केले गेले. त्यानंतर त्यांची उचल कोसळली. आणि २००२ च्या मध्यास सरकारी गोदामांतील साठा ६ कोटी टनांच्या पुढे गेला. गोदामे भरलेली आणि रांगेतील माणसे कमी झालेली, असे चित्र निर्माण झाले.

रांग सोडलेल्या वर्गाची भाषाही पुढील काळात बदललेली दिसते. ‘आपले रेशन’ याऐवजी ‘रेशनवाले’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘रेशनचा तांदूळ’ हे केवळ धान्याचे वर्णन न राहता ते खाणाऱ्याच्या दर्जाचे वर्णन झाले. जी व्यवस्था स्वतः वापरली जात नाही, ती दुसऱ्याला दिलेले दान वाटू लागते; आणि दान म्हटले की घेणाऱ्याची पात्रता तपासण्याचा अधिकार देणाऱ्याकडे आहे, असे ओघानेच वाटते.

उत्पन्नाचा दाखला

उत्पन्नाधारित पद्धतीचा पाया उत्पन्नाचा दाखला हा आहे. पगारदार व्यक्तीचे उत्पन्न पगारपत्रकावर असते. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणारी महिला, भाजीविक्रेता, बिगारी यांच्या उत्पन्नाची नोंद कोठेही नसते. ते वर्षावर्षाला आणि हंगामाहंगामाला बदलते. तरीही तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावर एक निश्चित आकडा लिहावाच लागतो. महाविद्यालयीन अध्यापकांना हा दाखला परिचित आहे. १,२०० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या पाल्यांना शुल्कमाफी देण्याच्या यशवंतराव चव्हाणांच्या काळातील निर्णयापासून शिष्यवृत्तीच्या आजच्या अर्जांपर्यंत, विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मार्ग या कागदावरून जातो.

या आकड्याचे वास्तवाशी असलेले नाते साध्या गणिताने तपासता येते. पिवळ्या शिधापत्रिकेची १५,००० रुपयांची मर्यादा म्हणजे संपूर्ण कुटुंबासाठी दिवसाला सुमारे ४१ रुपये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ची अंमलबजावणी महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठेवली गेली. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची २०२५-२६ साठी निश्चित झालेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने पती-पत्नी दोघांनी वर्षातून प्रत्येकी ७१ दिवस काम केले, तरी ४४,००० रुपयांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे शासनाने स्वतःच ठरवलेल्या मजुरीने पाच महिनेसुद्धा काम न करणारे मजूर जोडपे कागदोपत्री अपात्र ठरू शकते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दीर्घकाळ राहिलेली २१,००० रुपयांची वार्षिक मर्यादा म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. याहून थोडे अधिक मिळवणारी विधवा त्या व्याख्येनुसार निराधार ठरत नाही.

अशा स्थितीत दाखल्यावर खरा आकडा लिहिणे परवडत नाही. अर्जदार कमी उत्पन्न सांगतो, स्थानिक कर्मचारी ते लिहितो, वरचा अधिकारी सही करतो. त्यात काय घडते आहे, हे तिघांनाही ठाऊक असते. निकष जितका अवास्तव, तितकी ही असत्यकथनाची सक्ती मोठी. पुढे याच असत्याचा पुरावा देऊन ‘सगळे खोटे दाखले काढतात’ असे म्हटले जाते आणि अधिक कडक तपासणीची मागणी होते. लाभार्थी लबाड असतो ही लोकधारणा अशा प्रकारे योजनेच्या नियमातून जन्मते, परंतु तिचा दोष लाभार्थ्याच्या चारित्र्याला लावला जातो. अमर्त्य सेन यांनी लक्ष्यनिर्धारणाच्या राजकीय अर्थशास्त्राविषयी लिहिताना माहितीचा विपर्यास, अपमान व कलंक, प्रशासकीय खर्च आणि राजकीय पाठबळाचा अभाव अशा अडचणींकडे लक्ष वेधले होते. महाराष्ट्राच्या अनुभवात या अडचणी सुट्या सुट्या दिसत नाहीत. माहितीच्या विपर्यासातून कलंक उत्पन्न होतो आणि कलंकातून राजकीय पाठबळ आटते, अशी त्यांची साखळी दिसते.

कलंकाचे एक टोकाचे उदाहरण २०१७ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात दिसले. तेथे स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांच्या भिंतींवर ते गरीब असून सरकारी धान्य घेतात, अशा आशयाचा मजकूर रंगवला गेला होता. अपात्र व्यक्तीने लाजेने लाभ सोडावा, ही त्यामागील अपेक्षा. पण लाज पात्र-अपात्र असा भेद करत नाही. ज्याला पर्याय आहे तो सहज दूर होतो. ज्याला पर्याय नाही त्याला ती भिंत रोज पाहावी लागते.

दोन चुका आणि एकच संताप

निवडीवर आधारलेल्या प्रत्येक योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र व्यक्तीला लाभ मिळणे ही समावेशनाची चूक, तर पात्र व्यक्ती वगळली जाणे ही वर्जनाची चूक. ग्रामीण दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या गणनेसंबंधी एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २००९ मध्ये दाखवून दिले की, गरिबांपैकी सुमारे ६१ टक्के लोक यादीबाहेर होते, तर गरीब नसलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोक यादीत होते. त्यापूर्वी २००५ मध्ये नियोजन आयोगाच्या मूल्यमापनात असा निष्कर्ष निघाला होता की, केंद्रीय साठ्यातून दिलेल्या अनुदानित धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचत नव्हते आणि गरिबांना १ रुपयाचा लाभ देण्यासाठी शासनाला ३.६५ रुपये खर्च करावे लागत होते. काटकसरीसाठी लावलेली चाळणी काटकसरीच्याच कसोटीवर नापास झाली होती.

तथापि लोकमानसात या दोन चुकांना समान स्थान नाही. समावेशनाची चूक डोळ्यांना दिसते. दारात दुचाकी असलेला शेजारी पिवळ्या शिधापत्रिकेवर धान्य नेतो, ही गोष्ट गावभर होते. वर्जनाची चूक दिसत नाही, कारण वगळलेली व्यक्ती दुकानात येतच नाही. तिचे नाव कोणत्याही यादीत नसते. महाराष्ट्रात अन्न सुरक्षा योजनेखालील लाभार्थ्यांची संख्या ७ कोटी १७ हजार इतकी निश्चित आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. तालुक्याला वाटून दिलेला इष्टांक पूर्ण झाला की नंतर आलेला पात्र अर्जदार प्रतीक्षेत राहतो. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने हा आकडा वाढला नाही, मात्र कुटुंबे वाढली. ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे तीन शब्द ऐकून परतणाऱ्या सुनेची किंवा नवजात बालकाच्या पित्याची बातमी होत नाही. अपात्र लाभार्थ्याची मात्र होते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत हा क्रम अलीकडेच पुन्हा दिसला. जून २०२४ मध्ये घोषित झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयोगटातील, २.५ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले. चारचाकी वाहन असलेल्या कुटुंबांना वगळण्यात आले, ट्रॅक्टर मात्र चालला. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची अट शिथिल झाली. नियम उत्पन्नाधारित, पण अंमलबजावणी जवळजवळ सार्वत्रिक, असे तिचे पहिल्या काही महिन्यांतील स्वरूप होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक पार पडली. त्यानंतर छाननी सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचा लाभ अपात्रतेच्या संशयावरून स्थगित केल्याचे शासनाने सांगितले. त्यांत १४ हजारांहून अधिक पुरुष आढळल्याची माहिती पुढे आली आणि चर्चा त्याच एका बाबीभोवती फिरत राहिली. पुरुषांनी लाभ घेणे ही फसवणूक होय, यात शंका नाही. पण १४ हजार हे २६ लाखांच्या १ टक्क्याहूनही कमी आहेत. उरलेल्यांमध्ये फसवणूक किती, एकाच घरातील तिसरी महिला असणे यासारख्या नियमातील बारकाव्याने अपात्र ठरलेल्या किती, आणि चुकून वगळल्या गेलेल्या किती, हे प्रश्न त्या संतापात मागे पडले.

एस. टी. मधील अर्धे तिकीट

याच राज्यात, याच काळात, दुसऱ्या पद्धतीच्या योजनाही चालू झाल्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकीटदरात ५० टक्के सवलत मिळाली. येथे उत्पन्नाचा दाखला नाही, शिधापत्रिकेचा रंग नाही, हमीपत्र नाही. वाहक वय पाहतो किंवा प्रवासी महिला आहे एवढेच पाहतो. शाळेतील शिक्षिका आणि तिच्याच गावची शेतमजूर महिला एका बाकावर बसून एकाच दराचे तिकीट घेतात. महामंडळाच्या तोट्याविषयी, गाड्यांतील गर्दीविषयी व त्यांच्या दुरवस्थेविषयी तक्रारी होतात आणि त्या योग्यही आहेत. परंतु या तक्रारींचा रोख सेवेवर असतो, सहप्रवाशाच्या लायकीवर नसतो. ‘हिला खरोखर गरज आहे का?’ असा प्रश्न त्या बाकावर विचारला जात नाही. लोक तेच, समाज तोच, जात-वर्गाचे पूर्वग्रह तेच. बदलली आहे ती फक्त योजनेची रचना.

एक योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या आठवड्यात महिलांची सवलत सुरू झाली, त्याच आठवड्यात, १४ ते २० मार्च २०२३ या काळात, राज्यातील शासकीय व निमशासकीय कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना बाजारावर अवलंबून असलेली अंशदायी योजना लागू झाली होती. वार्धक्यातील सुरक्षितता बाजाराच्या चढउतारावर सोडू नये, सेवेत असलेल्या प्रत्येकाला ती हक्काने मिळावी, ही त्या संपामागील भूमिका होती. ती न्याय्य होती. तिच्यात कोणीही कर्मचाऱ्याच्या घरची मालमत्ता मोजून निवृत्तिवेतन द्यावे, असे सुचवले नाही. मात्र संघटित वर्गाच्या वार्धक्याला लागू होणारे हे तत्त्व असंघटित वर्गाच्या वार्धक्याला लावताना त्याच सुशिक्षित समाजाला अडचण वाटते. निराधार योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले, आणि तेवढ्या रकमेसाठीही निराधारपण सिद्ध करावे लागते. एकाचा हक्क आणि दुसऱ्याची सवलत, हा भेद आर्थिक नसून धारणेचा आहे.

या धारणेला ‘आमच्या कराचा पैसा’ या युक्तिवादाचा आधार दिला जातो. प्राप्तिकर भरणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे, हे खरे. पण राज्याचा महसूल केवळ प्राप्तिकरातून येत नाही. साबण, बिस्किटे, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज यांवरील वस्तू व सेवा कर शेतमजूरही भरतो. आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिल्यास तो अनेकदा अधिकच भरतो. कर घेताना उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. तो परत देताना मागितला जातो.

सार्वत्रिकतेवरील आक्षेप

सार्वत्रिक पद्धतीवरील आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा. साधनसंपत्ती मर्यादित असताना सधनांना लाभ दिल्यास गरिबांच्या वाट्याला कमी येते, हे अंकगणित खरे आहे. परंतु एकूण तरतूद स्थिर राहील हे त्यातील गृहीतक तपासावे लागते. वाल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी १९९८ मध्ये प्रगत राष्ट्रांच्या तुलनेतून असे मांडले की, ज्या देशांनी लाभ फक्त गरिबांपुरते ठेवले, तेथे विषमता घटण्याचे प्रमाण कमी राहिले. कारण मध्यमवर्गाचा सहभाग नसल्याने तरतूदच आक्रसली. पुढील अभ्यासकांना नंतरच्या दशकांत हा संबंध पूर्वीइतका बळकट आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. म्हणून हा निष्कर्ष नियम म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून घेणे उचित ठरेल.

हा इशारा भारतातही लागू पडतो, याचे एक प्रमाण छत्तीसगडमध्ये मिळते. तेथे २००४ नंतरच्या काळात खाजगी दुकानदारांकडून दुकाने काढून ती ग्रामपंचायती, बचत गट व सहकारी संस्थांकडे दिली गेली, दर कमी केले गेले आणि लाभार्थ्यांची व्याप्ती मोठ्या प्रमाणात वाढवली गेली. रीतिका खेरा यांच्या विश्लेषणानुसार तेथील धान्यगळती २००४-०५ मधील निम्म्याहून अधिक प्रमाणावरून २००९-१० पर्यंत सुमारे १० टक्क्यांवर आली. गावातील बहुतेक घरे एकाच दुकानाशी जोडली गेली की दुकान बंद राहणे हा साऱ्या गावाचा प्रश्न होतो. तमिळनाडूने १९९७ नंतरही शिधावाटप सर्वांसाठी खुले ठेवले. तेथील व्यवस्था देशातील चांगल्या व्यवस्थांमध्ये गणली गेली, यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायद्याने सार्वत्रिक असलेली सेवा व्यवहारात गरिबांपुरती उरू शकते. शाळेतील मध्यान्ह भोजनाचे उदाहरण पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शासकीय व अनुदानित शाळांत शिजवलेले अन्न सर्व मुलांना मिळू लागले. खिचडीसाठी पालकांचे उत्पन्न विचारले गेले नाही. पण मध्यमवर्गाची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांतूनच निघून गेली, आणि ‘खिचडीची शाळा’ हा शब्द अवहेलनेचा झाला. म्हणजे दार सर्वांना उघडे असणे पुरेसे नाही. आत शिरावे असे सर्वांना वाटेल, इतका सेवेचा दर्जा हवा. १९९७ पूर्वीचे शिधावाटपही अनेक राज्यांत ग्रामीण गरिबांपर्यंत पोहोचत नव्हते. त्या काळाचे गुणगान करणे हा येथे हेतू नाही.

तिसरा मार्ग म्हणून स्वयंनिवडीचा उल्लेख होतो. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून साकारलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते देणे बंधनकारक झाले. तिच्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि तो स्वीकारलाही गेला. दाखल्याशिवाय गरीब निवडणारी ही रचना होती. तथापि तिची कसोटी शरीराची होती. वृद्ध, अपंग, आजारी आणि गरोदर यांना ती कसोटी देता येत नाही. स्वयंनिवड ही सार्वत्रिकतेला पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे.

रेषा कोठे ओढावी हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. ब्रिटनमध्ये निवृत्तांना १९९७ पासून हिवाळी इंधन भत्ता मिळत असे. जुलै २०२४ मध्ये तो फक्त अत्यल्प उत्पन्नाचा पूरक लाभ घेणाऱ्यांपुरता मर्यादित करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि सुमारे १ कोटी वृद्ध त्यातून बाहेर गेले. रेषेच्या किंचित वर असलेल्या वृद्धांची स्थिती चर्चेत आली, असंतोष वाढला आणि जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. नव्या रचनेत भत्ता सर्वांना देऊन ३५,००० पौंडांवरील उत्पन्न असलेल्यांकडून तो करव्यवस्थेद्वारे परत घेण्याचे ठरले. श्रीमंतांना वगळण्याचे काम वाटपाच्या दारात न करता कराच्या टप्प्यावर करणे, हे त्यातील तत्त्व आहे. प्राप्तिकराचा पाया लहान असलेल्या भारतात ते जसेच्या तसे लागू होणार नाही. पण गरिबाला आपले दारिद्र्य सिद्ध करायला लावण्याऐवजी, ज्यांची संपन्नता शासनदरबारी आधीच नोंदलेली आहे त्या प्राप्तिकरदात्यांना आणि नियमित वेतनधारकांना तेवढे वगळावे व उरलेल्या सर्वांना सामावून घ्यावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. सिद्धतेचा भार कोणावर टाकायचा, हाच यातील कळीचा मुद्दा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, ‘खरा गरजू’ ही समाजात आधीपासून अस्तित्वात असलेली व शोधून काढण्याजोगी व्यक्ती नाही. दारिद्र्य हे बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत स्थिर लक्षण नसून स्थिती असते. एक शस्त्रक्रिया, एक नापिकीचे वर्ष किंवा कमावत्या माणसाचा मृत्यू कुटुंबाला रेषेखाली नेतो. यादी मात्र दहा वर्षांनी बदलते. अशा बदलत्या स्थितीवर कायमची रेषा ओढली की रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच माणसे उभी राहतात आणि एकमेकांवर पाळत ठेवू लागतात. केशरी शिधापत्रिकाधारकाचा राग पांढऱ्या शिधापत्रिकेवर नसतो, पिवळ्यावर असतो, हे या रचनेचे सर्वांत मोठे सामाजिक नुकसान होय.

सुशिक्षित वर्गाचे मत या प्रश्नात निर्णायक ठरते, कारण यादीत नाव असो वा नसो, धोरणाची भाषा हा वर्ग घडवतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत ४४,००० किंवा तत्सम आकडा असलेला दाखला महाविद्यालयाच्या कार्यालयात आला की, ‘याचा बाप एवढे तर दोन महिन्यांत कमावतो’ असा शेरा सहज मारला जातो. तो शेरा वस्तुस्थितीला धरून असेलही. पण मुलाने सत्य सांगावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी, सत्य सांगूनही त्याला शिकता येईल असा आकडा त्या कागदावर आहे काय, हे तपासणे हे अध्यापकाचे अधिक निकडीचे काम ठरते.